ज्योतीवरची निळी टोपी

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी तनुजा उरकुडेने सही केली आणि मग निवांत चहा मागवला. सही करताना तिला जराही शंका आली नाही. कशी येईल? ज्या नकाशाच्या भरवशावर ती सही करत होती, त्याच्या उजव्या कोपऱ्यात सुबक अक्षरांत तिच्याच वडिलांचं नाव होतं: मा. गो. उरकुडे, सर्व्हेअर.

सही होती जमिनीखालचा दाब वाढवण्याच्या आदेशावर. आखातातून येणारी गॅसची जहाजं एकवीस दिवसांपासून थांबली होती. युद्ध तिकडे, आणि इकडे शहरांतले लोक शेगडीची चावी फिरवून धाकधुकीनं पाहायचे, पेटते का म्हणून. खताचे कारखाने निम्म्यावर आले होते. देशाकडे नऊ दिवसांचा गॅस उरला होता. अशी वेळ कधीतरी येणार हे ओळखूनच दहा वर्षांपूर्वी राष्ट्रीय वायू धोरण आखलं गेलं होतं, आणि आता त्या धोरणाचा सगळा भार देशातल्या बारा ठिकाणांवर येऊन पडला होता. वर्धा नदीकाठचा चिंचोली ब्लॉक त्यातला पहिला आणि सगळ्यात मोठा. तनुजा तिथली प्रमुख.

चिंचोलीत कोळसा खणत नव्हते, पचवत होते. तिथला कोळशाचा थर तिरका आहे. वरचा भाग उथळ, तो जुन्या तीन नंबर खाणीनं खणून संपवला आणि खाण बंद पडली. खालचा भाग पाचशे मीटर खोल. तिथवर माणूस उतरवणं कुणालाच परवडलं नसतं. डॉ. कुंदा किरमिरे यांनी तिथं जिवाणू उतरवले. कोळशात मुळातच काही जिवाणू असतात आणि लाखो वर्षांत ते थोडाथोडा मिथेन तयार करतात. किरमिरेबाईंनी त्यांच्यातले निवडक वाण वाढवले, त्यांना साखर कारखान्याची मळी आणि क्षार पाण्यात कालवून खाऊ घातले, आणि लाखो वर्षांचं काम काही आठवड्यांवर आणलं. पद्धत डोशाच्या पिठासारखी. विहिरींतून खाऊ सोडायचा, तोंडं बंद करायची आणि आंबू द्यायचं. आत गॅस साठत जातो, दाब चढत जातो. पुरेसा चढला की विहिरी उघडायच्या.

या जिवाणूंना एकच गोष्ट सोसत नाही: हवा. जुन्या खाणीत साचलेलं पाणी त्यांच्यात शिरलं, तरी त्यात विरघळलेल्या प्राणवायूनं सगळी वसाहत मरते. म्हणून जुनी खाण आणि नवा ब्लॉक यांच्यामध्ये साठ मीटर भरीव कोळशाची भिंत राखलेली होती. तीच भिंत गॅसला वर चढू देत नव्हती. आणि वर, जुन्या खाणीच्या कडेला, याच भिंतीच्या डोक्यावर, चारशे घरांची खाण वसाहत होती. तनुजाचा जन्म तिथलाच.

"साठ मीटर नक्की ना?" किरमिरेबाईंनी दिल्लीहून पडद्यावर विचारलं होतं. दाब सव्वापट वाढवायचा तर भिंतीची खात्री ब्लॉक प्रमुखानं लेखी द्यायची, असा नियम.

"मॅडम, बाबांचा नकाशा आहे," तनुजा म्हणाली होती. त्यापुढे काही बोलायची गरजच नव्हती.

दुपारी एकला ती डबा घेऊन वसाहतीत गेली. आठवड्यातून दोनदा तरी ती जायचीच. मारोतराव उरकुडे एकाहत्तर वर्षांचे, गुडघे कुरकुरणारे, बायको जाऊन नऊ वर्षं झालेली. नागपुरात तनुजानं त्यांच्यासाठी एक खोली सात वर्षांपासून मांडून ठेवली होती, पडद्यासकट. पण म्हातारा क्वार्टर नंबर एकशे चौदा सोडायला तयार नव्हता. "इथंच बरा आहो," एवढंच उत्तर. दर मंगळवारी मात्र गुडघ्यांची तक्रार विसरून ते सकाळीच बाहेर पडायचे. देवळात जातो म्हणायचे.

क्वार्टरसमोरच्या हातपंपावर जाईबाई गेडाम पाण्याचा गुंड भरत होती. नवरा खाणीत छताला लाकडी टेकू लावणारा टिंबरमन होता, तो गेल्यावर तिनं पापड लाटून घरावर माडी चढवली होती. सगळ्या वसाहतीत तिचा आवाज मोठा.

"तनू, पाह्य वं हे," ती म्हणाली. "सकाळपासून पंप थुंकून रायला."

तनुजानं पाहिलं. पंपातून पाणी आधी फुसफुसत, मग दुधासारखं पांढरं पडत होतं. गुंडात पडलं की तळातून वर निवळत जायचं. बारीक बुडबुडे होते ते.

"वास नाई, चव नाई," जाईबाई म्हणाली. "क्लोरिन टाकलं असन लेकाइनं."

तनुजानं गुंडावर वाकून बुडबुडे पुन्हा पाहिले. वास नसणारच. स्वयंपाकाच्या गॅसला जो वास येतो तो कारखान्यात मुद्दाम मिसळतात, गळती कळावी म्हणून. जमिनीतून निघणाऱ्या मिथेनला वासही नसतो आणि रंगही. आणि गॅस ओळखणारी तिची सगळी यंत्रं ब्लॉकमध्ये होती. वसाहतीत एकही नव्हतं. साठ मीटरच्या भिंतीपलीकडे यंत्र कशाला लावायचं?

तिनं मागे वळून पाहिलं. मारोतराव दारात उभे होते, त्यांची नजर गुंडावर होती. मग ते आत गेले आणि देवाच्या फळीशेजारचा पितळी दिवा काढून आणला. जाळीचा, काचेचा, खाणीत गॅस तपासायचा जुना दिवा; जाळीमुळं आतली ज्योत बाहेरचा गॅस पेटवत नाही. तो रोज घासलेला असायचा, आणि म्हाताऱ्याचा शौक म्हणून तनुजा त्याकडे कधी लक्ष द्यायची नाही.

"बाबा, कुठं चालले?"

दोन गल्ल्या ओलांडून, बाभळीच्या झुडपातून ते थेट खाणीच्या जुन्या तोंडाशी गेले. तोंड विटांनी बंद केलेलं होतं, वरच्या बाजूला वीतभर भोक तेवढं ठेवलेलं. त्यांनी दिवा पेटवून वात अगदी बारीक केली आणि हात उंच करून भोकाशी धरला. तनुजा पाहत राहिली. पिवळ्या ज्योतीवर हळूहळू एक फिकट निळी टोपी चढली, ज्योतीपेक्षा उंच.

"तीन टक्के गॅस," मारोतराव म्हणाले. "पाचाले भडका."

"इथंच यायचं हे तुम्हाला कसं कळलं?"

"सवय आहे."

"कशाची सवय? नकाशाप्रमाणं इथं गॅस येऊच शकत नाही, बाबा. मधात साठ मीटर कोळसा आहे. आहे ना?"

मारोतरावांनी वात विझवली. "नकाशा बरोबर आहे," ते म्हणाले, आणि मुलीकडे न पाहता घराच्या दिशेनं चालायला लागले.

ती तिथूनच धावत जीपकडे गेली. वाटेत फोन करून तिनं वसाहतीची वीज तोडायला लावली, ठिणगी नको म्हणून. जाईबाईला ओरडून सांगितलं, चुली विझवा, सगळ्यांना शाळेच्या मैदानात न्या.

ब्लॉकच्या कार्यालयात संगणकावरचा नकाशा स्वच्छ होता. जुन्या खाणीच्या गॅलऱ्या, म्हणजे कोळसा काढून पडलेले बोगदे, सरळ येऊन एका रेषेवर थांबत होते. रेषेपलीकडे पांढरं, म्हणजे भरीव. पण तो नकाशा छायाप्रत होता. मूळ नकाशा दप्तरखान्यात पत्र्याच्या नळकांड्यात होता, खळ लावून गुळगुळीत केलेल्या ट्रेसिंगच्या कापडावर शाईनं काढलेला. तिनं तो काढला, खिडकीपाशी नेला आणि दुपारच्या उन्हात दोन्ही हातांनी ताणून धरला.

लहानपणी बाबांनी तिला नकाशे वाचायला शिकवलं होतं. त्यांचा एक नियम त्यांनी तिला शंभरदा ऐकवला असेल. सर्व्हेअरनं रबर खिशात ठेवायचंच नाही. चुकलं तर चुकीवर एक आडवी रेघ मारायची, बाजूला बरोबर लिहायचं, खाली आद्याक्षरं करायची. चूक दिसली पाहिजे. खाडाखोड लपवणारे लोक ब्लेड वापरतात, त्यांनी सांगितलं होतं. शाई खरवडली की दिसत नाही, पण कापडाची चकाकी जाते. उजेडात धर, लगेच कळतं.

लगेच कळलं. हद्दीच्या रेषेपलीकडे, पांढऱ्या भागात, चार खरबरीत पट्टे होते. समांतर, अंतर सारखं. गॅलऱ्याच. तिनं फुटपट्टी लावली. सगळ्यात लांब पट्ट्यापलीकडे साठ मीटर उरत नव्हते. जेमतेम सात उरत होते.

तिला रडू आलं नाही, राग आला. सात मीटर कोळशावर तिनं सकाळी सव्वापट दाब चढवला होता, आणि वर चहा प्यायली होती.

किरमिरेबाई तीन वाजता पडद्यावर आल्या. तनुजानं सगळं सांगितलं. बाईंनी मध्ये एकदाही तोडलं नाही, आणि तेच तनुजाला जास्त भीतीदायक वाटलं.

"आता विहिरी उघडल्या तर काय होईल, बोल," शेवटी त्या म्हणाल्या.

"दाब उतरेल. वर निघालेला गॅस विहिरींकडे वळेल. एवढा लोंढा आपल्या यंत्रांना पेलणार नाही, जाळून टाकावा लागेल."

"आणि?"

"जुन्या खाणीतलं पाणी भेगांतून आत ओढलं जाईल. वाण मरतील."

"माझी एकोणीस वर्षं मरतील. ते सोड. पण तीन राज्यांची स्वयंपाकघरं, सत्तर इस्पितळं आणि येत्या हंगामाचं खत या एका ब्लॉकवर आहे. कापडावरचे ओरखडे आणि एक हातपंप, एवढ्यावर मी मंत्रालयाला सांगू की देशाचा गॅस बंद करते? ते मला विचारतील, ओरखडे कुणी पाडले? चाळीस वर्षांत उंदरांनी पाडले नसतील कशावरून?"

"मॅडम, चारशे घरं आहेत."

"ती घरं खाली कर. मी नाही कुठं म्हणते?" बाईंचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "तनुजा, तू स्वतः उघडशील तर इथून पाच मिनिटांत ते तुझा अधिकार काढून परत बंद करतील. ज्यानं नकाशा काढला त्याच्या हातचं आण. सहा वाजेपर्यंत. मग त्यांच्याशी मी भांडेन."

ती वसाहतीत परतली तेव्हा शाळेचं मैदान रिकामं होतं. लोक हातपंपाभोवती जमले होते, आणि तापलेले होते. भर दुपारी पंखे बंद पडलेले, कुणाच्या घरी तापाचा रोगी, कुणाचं बाळ.

"वास तं येऊन नाई रायला कुठीच," एकजण म्हणाला. "कायले घर सोडाचं?"

"आम्हाले हाकलून इथंबी विहिरी खोदाच्या असन," दुसरा म्हणाला.

"तनू, तू नोकरीवाली. तुले वरून सांगतलं असन," जाईबाई म्हणाली. "पण खाण बंद झाली तेव्हा याच पंपापाशी उरकुडे बाबूजीनं आम्हाले नकाशा पसरून दाखवला होता. खाली भरीव कोळसा आहे, घरं पक्की करा म्हणे. म्या माडी त्याच्या भरवशावर बांधली. बाबूजी खोटं बोलन का?"

तनुजाला तोंडात मारल्यासारखं झालं. ती एकशे चौदामध्ये शिरली. मारोतराव खाटेवर बसले होते, डबा तसाच झाकलेला.

"मूळ नकाशा उजेडात धरला, बाबा."

त्यांनी झाकलेला डबा बाजूला सारला. मग म्हणाले, "चार होत्या. सहा महिने काढला तिथून कोळसा."

"काहून?"

"त्या उन्हाळ्यात विजेची बोंब होती. वीज केंद्रात दोन दिवसांचा कोळसा. मॅनेजर म्हणे, हद्दीचा कोळसा काढा, नकाशावर नका चढवू. इस्पितळात लोक मरून रायले म्हणे, देशाले अंधारात ठेवाचं का उरकुडे? म्या काढलेल्या होत्या चारही, पक्क्या शाईनं. रातच्याले नाई, भर दिवसा, त्याच्या टेबलावर बसून ब्लेडनं खरवडल्या." त्यांनी स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. "तवाबी देशाचंच नाव होतं, तनू. आज तुह्या मॅडमनं जे सांगतलं असन, थेच."

"आणि मी सकाळी सही केली, तेव्हा? काल मी फोनवर सांगितलं होतं तुम्हाला, दाब वाढवतोय म्हणून."

"मागच्या मंगळवारी टोपी दिसली होती. जराशी. वाटलं, डोळे म्हातारे झाले."

"देवळात नाही जात तुम्ही मंगळवारी."

"नाई."

तनुजाला त्यांची कीव आली आणि त्याच क्षणी त्यांचा प्रचंड संताप आला. दोन्ही एकदम. ती ओरडली, "एक शब्द बोलायचा होता, बाबा! एक! मी तुमची मुलगी आहे म्हणून नाही तर ही माणसं आहेत म्हणून!"

"बोललो असतो तं तू..." ते थांबले. "त्याच वर्षी मले बढती भेटली. तुही शाळा, कॉलेज, सगळं त्याच्यातून. तुले कसं सांगू?"

बाहेर कुणीतरी पंप मारत होतं. फुसफुस ऐकू येत होती, दुपारपेक्षा जास्त.

"ते लोक माझं ऐकत नाहीत," तनुजा म्हणाली. "तुमच्या नकाशावर विसंबून बसलेत."

मारोतराव उठले. गुडघ्यावर हात ठेवून, भिंत धरून ते दारात आले, पायरी उतरले आणि पंपापाशी जाऊन उभे राहिले.

"म्या तुम्हाले दाखवला थो नकाशा खोटा होता," ते म्हणाले. आवाज फाटका होता, पण शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "खाली भरीव नाई. चार गॅलऱ्या आहेत, त्या म्याच ब्लेडनं खरवडल्या. आज त्याच्यात गॅस आला. वास येत नसते त्याले. एकबी चूल पेटवू नका. पोरं, म्हातारे उचला, मैदानात चला."

कुणीतरी शिवी दिली. जाईबाईनं भरलेला गुंड तिथंच ओतला, आणि माडीवरच्या सुनेला हाक मारली. "उतर खाली. लेकरू घे. काडी लावू नको कशाले." मग सगळे हलले.

साडेपाचला मारोतराव ब्लॉकच्या कार्यालयात मूळ नकाशापुढे बसले. पडद्यावर किरमिरेबाई होत्या, त्यांच्यामागे आणखी तीन चेहरे. तनुजानं पेन दिलं. म्हाताऱ्यानं पट्टी सरळ लावली. पहिली गॅलरी. दुसरी. छताला आधार म्हणून कोळशाचे खांब कुठं राखले, कुठं तेही काढून घेतले. चाळीस वर्षं डोक्यात जपलेली मापं ते पुटपुटत होते. तिसऱ्या गॅलरीत ते अडले. रेघ चुकून दोन मीटर पुढे गेली होती.

"रबर आणू का?" मागून एक कर्मचारी म्हणाला.

मारोतरावांनी नकारार्थी मान हलवली. चुकलेल्या रेघेवर एक आडवी रेघ मारली, बाजूला बरोबर माप लिहिलं आणि खाली आद्याक्षरं केली: मा. गो. उ. मग चौथी गॅलरी पूर्ण केली, आजची तारीख घातली, पूर्ण नाव लिहिलं.

पडद्यावर किरमिरेबाई त्या आडव्या रेघेकडे पाहत होत्या.

"हा माणूस खोटं काढत नाहीये," त्या मागच्या चेहऱ्यांना म्हणाल्या. "मी उघडते आहे. काय करायचं ते माझं करा." आणि मग, "तनुजा, उघड."

तनुजानं बावीस विहिरी एकेक करून उघडल्या. बाहेर गॅस जाळायच्या चिमणीच्या तोंडाशी गर्जना झाली आणि ज्वाळ उभी राहिली. उन्हं अजून होती, त्यामुळं ती नीट दिसतसुद्धा नव्हती, नुसती वरची हवा थरथरत होती. त्या थरथरीत तीन राज्यांचा स्वयंपाक जळत होता आणि एका बाईची एकोणीस वर्षं. बाई तासभर पडद्यासमोरून उठल्या नाहीत. दाबाचा काटा उतरू लागला तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "उरकुडेकाका, बाकीचे अकरा ब्लॉकसुद्धा जुन्या खाणींच्या नकाशांवर आहेत. काय करू?"

"मूळ कापड उजेडात धरून पाहाले सांगा," मारोतराव म्हणाले. "आणि काढणारा जिता असन तं त्याले विचारा. वाट पाहून रायला असन थो, कोणी विचारन म्हणून."

खाणीच्या तोंडाशी दिव्यावरची टोपी उतरायला लागली होती, पण घरी परतायची परवानगी आज मिळणार नव्हती. संध्याकाळी बापलेक मैदानात आले तेव्हा लोक सतरंज्या टाकून बसले होते. मारोतरावांच्या हातात नव्या नकाशाची प्रत होती. त्यांना कुणी हाक मारली नाही. ज्या माणसाला ही वसाहत उठून खुर्ची द्यायची, तो शाळेच्या कुंपणाशी उभाच राहिला.

शेवटी जाईबाई उठून आली. "मारोतराव," ती म्हणाली. तिनं त्यांना नावानं हाक मारल्याचं तनुजानं पहिल्यांदाच ऐकलं. "माहं घर कुठी आहे याच्यात, दाखवा."

त्यांनी बोट ठेवलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या गॅलरीच्या मधल्या खांबावर. थोडं तरी भरीव. जाईबाईनं वाकून नीट पाहून घेतलं.

"आणि एकशे चौदा?"

बोट उचललं गेलं नाही, नुसतं सरकलं आणि चौथ्या गॅलरीवर, जिथं राखलेले खांबही काढून घेतले होते तिथं, बरोबर मधोमध थांबलं.

"क्वार्टर वाटले तेव्हा तुम्हाले तं नदीकडचा भेटला होता," जाईबाई सावकाश म्हणाली.

"बदलून घेतला."

तनुजाला नागपूरची खोली आठवली. सात वर्षं ती म्हाताऱ्याच्या हट्टाला बोल लावत आली होती. तिनं बापाचा हात धरला, आणि तो थंड होता.

जाईबाई परत जाऊन बसली. मग सुनेला सरकायला सांगून तिनं सतरंजीचं एक टोक मोकळं केलं.

"बसा," ती म्हणाली. बाबूजी मात्र म्हणाली नाही.